गोसारीची जागा

माझ्या सासूबाईंनी मला सगळं दिलं. पितळी भांडी दिली, संत्र्यांची बाग दिली, मुलगा तर दिलाच, आणि तो परत घ्यायला त्या आजही तयार नाहीत. एकच गोष्ट त्यांनी इतक्या वर्षांत दिली नाही. त्यांची गोसारीची जागा.

आमच्या जेजू बेटावर यात नवल काही नाही. एप्रिलमध्ये धुक्यासारखा पाऊस पडून गेला की माळावर नेच्याचे कोंब रातोरात वर येतात, तान्ह्या पोराच्या मिटलेल्या मुठींसारखे. त्यालाच आम्ही गोसारी म्हणतो. प्रत्येक बाईची आपली एक जागा असते. ती उजाडायच्या आत घरातून निघते, मागून कोणी येतंय असं वाटलं तर मुद्दाम भलत्याच बसमध्ये चढते, आणि संध्याकाळी भरलेली पिशवी घेऊन परत येते. कुठून आणली असं कोणी विचारत नाही आणि विचारलंच तर कोणी सांगत नाही. बहिणीला नाही, लेकीला नाही, आणि सुनेला तर नाहीच नाही.

गोसारी नुसती पोटासाठी नसते. ती श्राद्धाच्या पानावर लागते. आमचे वाडवडील येतात, जेवतात, उरलेलं धिरड्यात बांधतात, आणि ते गाठोडं गोसारीच्या दोरीनं पाठीला लावून परत जातात, असं आम्ही मानतो. दोरी घरच्या बाईनं खुडलेली हवी. बाजारातली दोरी वाटेत तुटते, आणि मग तुमचे सासरे वरून शिव्या देतात, असं सासूबाईंचं म्हणणं. सासऱ्यांनी जिवंतपणी कोणाला शिवी दिली नव्हती, पण ते असो.

सासूबाईंची गोसारी अख्ख्या गावात नावाजलेली. काळी, करंगळीएवढी जाड. काटेरी झुडपांच्या सावलीत वाढते ती अशी होते. उघड्या माळावर उन्हात वाढते ती फिकट आणि सुतळीसारखी, ती कोणालाही मिळते. महिला मंडळातल्या बायका श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे प्रसादाला यायच्या ते ती काळी गोसारी चाखायला, आणि जागेचा अंदाज घ्यायला. सासूबाई नुसत्या हसायच्या. त्या हसण्यात जो तोरा होता, तो मी कुठल्या राणीच्या तोंडावरही पाहिलेला नाही.

गेल्या वर्षी मात्र त्यांनी फिकट गोसारी आणली. या वर्षी पहिल्या पावसानंतरही फिकटच. दोन्ही वेळा परतायला उशीर, मोजे कुसळांनी भरलेले, आणि नाकाच्या शेंड्यावर राग.

"काळी नाही मिळाली का, आई?" मी विचारलं.

"घोड्यांनी तुडवली सगळी," त्या म्हणाल्या. "आणि गुडघा दुखतो माझा. काट्यात वाकवत नाही. तुला काय जातंय बोलायला?"

आम्हाला पटलं. वय झालं होतं त्यांचं.

म्हणून एके सकाळी त्या अंगणात लसूण सोलत बसल्या होत्या तेव्हा मी विषय काढला. "बाबांचं श्राद्ध जवळ आलं, आई. आता तरी मला सांगा जागा. मी जाते, मी खुडते."

"तुला सांगितली की संध्याकाळपर्यंत गावाला कळेल." मी गावात केस कापायचं दुकान चालवते, त्यावर हा टोला. "हातात कात्री आली की तुझ्या तोंडाला झाकण राहत नाही, हेरिमची आई."

हेरिम माझी मुलगी. ती मुख्य भूमीवर शिकायला गेली त्याला बरीच वर्षं झाली, पण सासूबाईंच्या तोंडी माझं नाव अजून तेच.

"मी कोणाला सांगणार? शपथ घालता का?"

त्यांनी एक पाकळी सोलली, बाजूला ठेवली, आणि एकदम म्हणाल्या, "तू ते पळण्याचं खूळ घेतलंयस ना डोक्यात? मग असं कर. यंदाच्या मॅरेथॉनमध्ये कमान बंद व्हायच्या आत पोहोचून दाखव. तिथल्या तिथे सांगते जागा."

"खरंच?"

"ही कांग मान-ओक शब्द फिरवत नाही."

"आणि नाही पोहोचले तर?"

"तर पुन्हा विचारायचं नाही. मरेपर्यंत नाही. माझ्या नाही, तुझ्या."

माझा नवरा सोंगहो ट्रकच्या खालून बोलला. तो नेहमी ट्रकच्या खालीच असतो. "आई, जपून. ही पोहोचेल हं. सकाळी काळोखात सुटलेल्या गाईसारखी पळत असते."

सासूबाईंच्या हातातला लसूण खाली पडला. "बघू," त्या म्हणाल्या, आणि वाकून तो शोधायला लागल्या.

पैज तासाभरात गावभर झाली. माझ्या दुकानातून नाही, त्यांच्याच तोंडून.

आमच्या माळावरून दर वसंतात एक मॅरेथॉन जाते. डांबरी रस्त्यावरची नव्हे. कुरणांतून, टेकड्यांच्या कडेकडेनं, झाडीतून. चढ आहेत, पण ते दमवणारे नाहीत. वाट नुसती वर जाते आणि खाली येते, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी. मी कित्येक वर्षं मंडळाचा ॲप्रन बांधून टेबलामागे उभी राहिले आणि धावणाऱ्यांच्या हातात संत्र्याच्या फोडी देत राहिले. एका वर्षी एक बाई, माझ्याच वयाची, फोड तोंडात टाकून हसत पुढे गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. ती कुठे गेली असेल हा विचार मला पुढे वर्षभर सुटला नाही. मग मी बूट घेतले.

शेवटी शाळेच्या मैदानावर कमान असते. दुपारी ठरल्या वेळी घंटा वाजते आणि कमानीत दोर ताणतात. त्यानंतर येणाऱ्याचं नाव पुकारत नाहीत, पदकही नाही. रस्सा मात्र मिळतो. आणि सगळ्यात मागून एक माणूस येत असतो, पाठीला पिवळं निशाण बांधून. तो तुमच्या पुढे गेला की समजायचं, संपलं.

त्या सकाळी धुकं इतकं होतं की सुरुवातीची तुतारी कोणी वाजवली ते दिसलं नाही. आम्ही निघालो. पहिल्या चढावर सगळ्यांच्या श्वासांचा आवाज येत होता, मग हळूहळू माणसं विरळ झाली आणि माझाच श्वास उरला. चेरीची झाडं वाटेच्या दोन्ही बाजूंना होती, पण दिसत नव्हती. फक्त ओल्या पाकळ्या खाली पडलेल्या, आणि त्यांवरून पाय पडताना काहीच आवाज होत नव्हता. पिवळ्या मोहरीचं शेत आलं तेव्हा धुकंसुद्धा पिवळं झालं. मी त्यातून धावले. बाहेर आले तेव्हा बाह्या परागांनी माखल्या होत्या.

खरं सांगू? मी पळायला लागले ते नक्की कशासाठी, हे मला कधी कोणाला सांगता आलं नाही. दुकानात दिवसभर दुसऱ्यांची डोकी माझ्या हातात असतात आणि त्यांतल्या गोष्टी माझ्या कानांत. पळताना कोणाचंच काही नसतं. टेकडी वर नेते, टेकडी खाली आणते. त्या सकाळी तर मला वाटलं की मी पळतच नाहीये, मी उभी आहे आणि बेट माझ्या पायांखालून हळूच सरकतंय.

एका कुरणात घोडे उभे होते. आधी त्यांची गरम वाफ लागली, मग डोकी दिसली. एक पांढरी घोडी माझ्या बरोबरीनं थोडी चालली, तिला काय वाटलं कोण जाणे. मधूनमधून थडगी लागत होती, काळ्या दगडांची बुटकी चौकट घातलेली, घोडे आत शिरू नयेत म्हणून. आमच्याकडे मेलेली माणसं अशी माळावर कुठेही असतात आणि आम्ही त्यांच्या शेजारी गुरं चारतो. मी प्रत्येक चौकटीपाशी मान किंचित लववत गेले. सवय.

आमचं गाव मागे पडलं होतं. पलीकडच्या टेकड्यांत मी सरावाला कधी आले नव्हते. वेळ चांगला चालला होता. घड्याळाकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, कांग मान-ओक बाई, आज तुमचं गुपित गेलं.

आणि तेवढ्यात मला वाटेच्या कडेला एक गोसारी दिसली.

हे कसं होतं ते आमच्या बेटावरचंच माणूस समजू शकेल. गोसारी दिसली की तुम्ही वाकता. तुम्ही ठरवत नाही, कंबर ठरवते. मी ती बुडाशी खुडली. टक् असा तो बारीक आवाज. मान वर करायच्या आधीच दोन पावलांवर दुसरी दिसली. मग तिसरी. दरवर्षी आमच्याकडे शहाण्यासुरत्या बायका अशा हरवतात. डोळे जमिनीला चिकटलेले, एकीवरून दुसरीवर, आणि मान वर करतात तेव्हा आजूबाजूला ओळखीचं काही नसतं. मग पोलीस शोधायला निघतात, भोंगे वाजवतात. दर वसंतात मी अशा बायकांना हसते. आणि आता मी, छातीवर नंबर लावून, मॅरेथॉनच्या मध्ये, मूठभर गोसारी घेऊन एका खळग्यात उभी होते आणि वाट कुठेच नव्हती.

मी स्वतःला एक शिवी घातली आणि कान दिले. डावीकडे लांबवर कोणाचे तरी बूट चिखलात वाजत होते. म्हणजे वाट तिकडे. जीवात जीव आला. उजवीकडे उंच देवदारांची रांग होती, आणि तिच्या पलीकडून बस थांबून पुढे गेल्याचा आवाज आला. म्हणजे रस्ता अगदी जवळ.

आणि मग मी खाली पाहिलं.

खळगा काटेरी झुडपांनी भरलेला होता, आणि झुडपांखाली सगळीकडे गोसारी होती. काळी. करंगळीएवढी. पहिल्या पावसाची तर वाढून, उलगडून तिचे पिसारे झाले होते, कोणी हात न लावलेले. त्यांच्या बुडाशी नव्या मुठी वर येत होत्या. मागच्या वर्षीचे वाळलेले पिसारे तसेच आडवे पडलेले. दोन वसंतांत इथे कोणी आलं नव्हतं.

एका फांदीवर काहीतरी लटकत होतं. आमच्या बायका शेतात कमरेला एक गोल गादी बांधतात. चालताना ती मागे लोंबते, खाली बसलं की आपोआप बुडाखाली येते. दिसायला हास्यास्पद, पण गुडघ्यांवर उपकार. ती तशी गादी होती. शेवाळ चढलेली, पण कापडावरची पिवळी बदकं अजून ओळखू येत होती. हेरिमच्या लहानपणीच्या पडद्याचं ते कापड, मी माझ्या हातानं शिवलेलं. सासूबाई म्हणाल्या होत्या, बसमध्ये राहिली.

मी ती गादी हातात घेऊन उभी राहिले.

इथे घोडे नव्हते. काही तुडवलेलं नव्हतं. बसच्या थांब्यापासून ही जागा चार पावलांवर, माझ्या अंगणापासून दुकान आहे तेवढीच, वाट सपाट. गुडघ्याचं निमित्त नव्हतं हे. मला ती फिकट गोसारी आठवली, कुसळांनी भरलेले मोजे, उशीर, राग. सासूबाई दोन वसंत माळावर फिरत होत्या. शोधत होत्या. आयुष्यभर डोळे मिटून ज्या जागी यायच्या ती त्यांना सापडत नव्हती. कोणाला विचारणार? त्यांनीच तर कोणाला कधी सांगितली नव्हती.

आणि मग मी ‘सांगा, सांगा’ म्हणून मागे लागले, आणि त्यांनी पैज लावली. मी पोहोचणार नाही म्हणून.

मला आधी राग आला. रडू नाही, रागच. बाई, घरात मी आहे, तुमचा मुलगा आहे, सांगायचं होतं एकदा! मग राग ओसरला. कारण माझ्या डोळ्यांपुढे कमान आली. घंटा व्हायच्या आत मी कमानीत शिरतेय, सगळं मंडळ टाळ्या वाजवतंय, आणि कोणीतरी ओरडतंय, ‘बोला मान-ओक बाई, बोला, जागा कुठे आहे?’ आणि त्या उभ्या आहेत.

मी गादी परत फांदीवर टांगली. हातातली गोसारी झुडपात टाकली. काळी गोसारी घरी नेली असती तर त्यांनी एका नजरेत ओळखलं असतं. मग वाटेवर आले आणि धावायला लागले. काय करायचं ते ठरलं नव्हतं. पाय धावत होते, म्हणून मी धावत होते.

धुकं हळूहळू उचललं. टेकड्या एकामागून एक उघडल्या, हिरव्या, गोल. माझे पाय त्या दिवशी थकायला तयार नव्हते. इतकं हलकं मी आयुष्यात कधी पळाले नाही. वाऱ्यावर पाकळ्या येत होत्या, कुठून ते कळत नव्हतं. झाडं तर दूर राहिली होती. मला वाटलं, हे संपू नये. कमान कधी येऊच नये, मी अशीच वर-खाली जात राहावं, आणि कोणी कोणाला काही विचारू नये.

शेवटच्या टेबलावर यांग समचुन होत्या. गावातल्या कुठल्याही वडीलधाऱ्याला, बाई असो की बुवा, आम्ही समचुनच म्हणतो. या यांग समचुन म्हणजे मंडळाच्या अध्यक्षा आणि सासूबाईंच्या लहानपणापासूनच्या मैत्रीण, म्हणजे पक्क्या वैरीण.

"अगं बाई, आलीस की!" त्या ओरडल्या. "घे, संत्रं घे. भरपूर वेळ आहे तुझ्याकडे, रमतगमत गेलीस तरी पोहोचशील. आज मान-ओकची जिरणार! मी तर पेन्सिल घेऊन ठेवलीय जागा लिहून घ्यायला."

"त्या कुठे आहेत, समचुन?"

"कमानीपाशी. सकाळपासून खुर्ची टाकून बसलीय. जेवली नाही. जो येईल त्याला विचारतेय, माझी सून दिसली का, कुठवर आली. मी म्हटलं, अगं, एवढी काळजी? तर माझ्यावरच खेकसली."

मी फोड तोंडात टाकली. गोड होती. मी पुढे निघाले.

शेवटच्या टेकडीवरून शाळेचं मैदान दिसतं. कमान, रश्श्याच्या पातेल्यांची वाफ, माणसं. आणि कमानीच्या बाजूला लाल खुर्चीवर एक छोटंसं माणूस. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण हातांची ती हालचाल ओळखू येत होती. त्या एका हातानं दुसऱ्या हाताची बोटं ओढत होत्या, एकेक करून, पुन्हा पहिल्यापासून. सासरे शेवटच्या आजारात होते तेव्हा दवाखान्याच्या बाकावर त्या अशाच बसल्या होत्या.

मी वाटेच्या कडेला एका दगडावर बसले आणि बुटाची नाडी सोडली.

माणसं पुढे गेली. कोणी म्हणालं, चला, आलंच. मी मान हलवली. नाडी बांधली, पुन्हा सोडली. हिवाळाभर काळोखात उठून पळाले होते मी. बर्फाचे कण झेलत पळाले होते. एक पदक, दोरीला लटकवलेला पत्र्याचा तुकडा, पण मला तो हवा होता. कमानीत माझं नाव, को जोंग-रान, हेरिमची आई नव्हे, भोंग्यावरून एकदा ऐकायचं होतं. ते खाली दिसत होतं आणि मी नाडी बांधत होते. डोळ्यांतून पाणी आलं ते आलंच.

पिवळ्या निशाणवाला आला. मुख्य भूमीवरचा तरुण मास्तर, चष्म्यावर चिखल.

"काकू! पाय मुरगळला का?"

"नाही रे."

"मग उठा ना! उतारच आहे आता. अजून घंटा झाली नाही. मी धरतो हात."

"तू हो पुढे."

"मी पुढे गेलो तर तुमची शर्यत संपेल, काकू." त्याचा स्वर असा की मी त्याचीच कोणी लागते. "तुम्ही दमलेल्या पण नाही! श्वास तर बघा तुमचा!"

"माझा श्वास माझा मी बघेन. तुझं काम निशाण घेऊन जायचं ना? मग जा."

तो बिचारा चार पावलं जायचा, मागे वळून बघायचा. शेवटी खाली मैदानात घंटा वाजली. लांबून ती फार गोड वाजते.

मग मी उठले आणि लंगडत उतरले. लंगडायची गरज नव्हती, पण लोकांना काहीतरी कारण द्यायला हवं.

सासूबाई खुर्चीतून उठल्या होत्या. दोर ताणलेला, मी त्याच्या या बाजूला, त्या त्या बाजूला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. त्यांचा जीव भांड्यात पडलेला मला अगदी डोळ्यांनी दिसला. खांदे खाली आले, गालांत रंग आला, आणि मग काय, तोंड सुटलं.

"मी म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं मी? बदकासारखी चालते ही, म्हणे मॅरेथॉन! ए यांग, बघितलंस का? ठेव ती पेन्सिल कानात! सोंगहो, रस्सा आण हिला, मोठा वाडगा आण, मांस जास्त घाल. पाय बघा पोरीचे, अरे देवा, पाय बघा!"

आणि दोराखालून वाकून त्या माझ्याकडे आल्या, गुडघ्याचं काही न वाटता, आणि माझ्या बुटावरचा चिखल आपल्या बाहीनं पुसायला लागल्या.

"हरले, आई," मी म्हटलं.

"हरलीसच! आता पुन्हा विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

गोसारी घालून केलेल्या रश्श्याचा वाडगा आला. फिकट गोसारी होती. त्यांनी एक कोंब चाखला, तोंड वाकडं केलं आणि अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ही काय गोसारी!"

दुसऱ्या दिवशी मी सोंगहोला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि ट्रक धुवायला काढला. धुतलेलाच होता. धुऊन झाल्यावर म्हणाला, शहरातल्या डॉक्टरांकडे मी घेऊन जातो, गुडघा दाखवायला म्हणून. मग तिथे बाकीचं बोलू. मी बरं म्हटलं.

श्राद्धाच्या आधी आणखी एक पाऊस पडून गेला. सकाळी उघडलं तेव्हा मी ट्रकची किल्ली घेतली. "आई, चला. पलीकडच्या गावात एका बाईचे केस कापायला जायचंय, एकटीला कंटाळा येतो." त्यांनी कमरेला गोसारीची झोळी बांधली. का बांधली ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

देवदारांच्या रांगेपाशी, बसच्या थांब्याजवळ, मी ट्रक थांबवला. "इंजिन तापलंय. जरा थांबू."

त्या खाली उतरल्या. बसच्या थांब्याकडे पाहिलं. मग देवदारांकडे. एवढा वेळ पाहत राहिल्या की मला भीती वाटली, नाही आठवलं तर? मी ट्रकचं झाकण उघडून आत डोकं घातलं, मला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही तरी. मागे चिखलात पाऊल वाजलं. मग दुसरं. मग एकदम जोरात:

"हेरिमची आई!"

"काय, आई?"

"इकडे बघायचं नाही. तोंड रस्त्याकडे कर. पाहिलंस तर बघ!"

"नाही पाहत."

मी रस्त्याकडे तोंड करून बंपरवर बसले. बस आली, थांबली, कोणी उतरलं नाही, निघून गेली. धुकं पुन्हा उतरत होतं. देवदारांच्या मागून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग आलं. टक्. आणि थोड्या वेळानं, टक्, टक्.

त्या परत आल्या तेव्हा झोळी गच्च भरली होती, काळ्या, जाड मुठी वर आल्या होत्या. केसांत काटे. मागे कमरेला ती गादी लोंबत होती, बदकं शेवाळलेली.

"अरे वा, गादी सापडली की!" मी म्हटलं.

"सापडली कसली? मीच ठेवली होती तिथे. मुद्दाम." त्या ट्रकमध्ये चढून बसल्या, झोळी मांडीवर घेतली, आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले.  त्यांनी समोरच्या काचेतून धुक्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जवळच होती गं."

"हो, आई."

"तू नाही ना पाहिलंस?"

"रस्त्याकडे तोंड होतं माझं."

"हं." त्यांनी माझ्या गुडघ्यावर एक चापट मारली, चांगली जोरात. "पुढच्या वर्षी पुन्हा पळ. पोहोचलीस तर सांगेन."

मी इंजिन चालू केलं. ते पहिल्या फटक्यात चालू झालं, आणि त्यावर दोघींपैकी कोणीही काही बोललं नाही.